सीबीडी घ्यायचं कसं? थेंब, कॅप्सूल, गमी, वाफ की मलम

मात्रावेलांटी

सीबीडीचा (म्हणजे भांगेच्या झाडातल्या, नशा न आणणाऱ्या कॅनाबिडिऑल या द्रव्याचा) विषय निघाला की तेलवाले आणि गमीवाले (गमी म्हणजे चघळायची मऊ गोळी) यांची जुंपते आणि मूळ हिशेब बाजूला राहतो. म्हणून हा वेगळा धागा. ते कशासाठी घ्यावं यावर इथे नको बोलायला. घ्यायचं ठरलंच असेल आणि तुमच्याकडच्या कायद्यात बसत असेल, तर कोणत्या वाटेनं घ्यावं एवढंच.

उपाशीपोटी गिळलेल्या सीबीडीपैकी साधारण ६ टक्केच रक्तात पोचतं. एक तर हा रेणू पाण्याला अजिबात दाद देत नाही, तेलातच विरघळतो. त्यामुळे आतड्यात त्याचा बराचसा भाग न शोषला जाता तसाच पुढे सरकतो. शिवाय जे शोषलं जातं ते आधी यकृतात जातं आणि तिथले सीवायपी३ए४ आणि सीवायपी२सी१९ हे एन्झाइम पहिल्याच फेरीत त्याचा फडशा पाडतात. म्हणजे २५ मिग्रॅ गिळले तर रक्ताच्या वाट्याला दीडेक मिग्रॅ.

फुप्फुसात ओढून घेतलं तर १९८६च्या एका जुन्या मोजणीत सरासरी ३१ टक्के पोचलेलं दिसलं, पण माणसामाणसांत ११ ते ४५ टक्के इतका फरक होता. ढोबळमानाने ५ मिग्रॅ ओढलेलं आणि २५ मिग्रॅ उपाशीपोटी गिळलेलं सारखंच पडतं.

यावरून "मग वाफच घ्या की" असा निष्कर्ष काढायची घाई नको. ओढलेलं काही मिनिटांत चढतं आणि दोनतीन तासांत ओसरतं. गिळलेलं अडीच ते पाच तासांनी शिखराला पोचतं आणि बराच वेळ रेंगाळतं. दिवसभर सारखी पातळी हवी असणाऱ्याला टक्केवारी कमी असली तरी गिळण्याचाच मार्ग बरा. तेव्हा "किती लवकर हवं आणि किती वेळ टिकायला हवं" हे आधी ठरवा, बाटली मग निवडा.

चौकस_चिमणी

चांगला धागा. पण जिभेखाली थेंब ठेवले की यकृत टळतं आणि तिप्पट उपयोग होतो असं सगळ्या बाटल्यांसोबतच्या कागदावर असतं. मग ६ टक्क्यांचा प्रश्नच कुठे येतो?

खलबत्ता

कागदावर असतं खरं. तोंडात काय होतं ते बघू.

जिभेखालचं पातळ आवरण ओलं असतं. नायट्रोग्लिसरीनसारखी औषधं त्यातून झटकन पार होतात, कारण त्यांची मात्रा अगदी लहान असते आणि ती लाळेत विरघळतात. सीबीडी विरघळलेलं असतं तेलात, आणि तेल सोडून लाळेत उतरायला ते राजीच नसतं. तेलाचा थर लाळेवर तरंगत बसतो आणि मिनिटाभरात लाळेसोबत घशाखाली जातो. थोडंफार तोंडातून शोषलं जात असेल, पण मोठा वाटा गिळलाच जातो.

याचा चांगला पुरावा सॅटिवेक्समध्ये सापडतो. हा तोंडात मारायचा औषधी फवारा. १०० मायक्रोलिटरच्या एका फवाऱ्यात २.७ मिग्रॅ टीएचसी (भांगेतलं नशा आणणारं द्रव्य) आणि २.५ मिग्रॅ सीबीडी, तेही तेलात नाही, अल्कोहोल आणि प्रोपिलीन ग्लायकॉलमध्ये. म्हणजे तोंडातून शोषलं जावं अशाच बेताने बनवलेला. तरीही जेवणासोबत घेतला तर रक्तातलं सीबीडी उपाशीपोटीच्या पाचपट होतं. तोंडातूनच जात असतं तर पोटातल्या अन्नाने एवढा फरक पडायचं कारण काय? फवाऱ्याची ही गत, तर तेलाच्या थेंबाची काय असणार!

तरी जिभेखाली ठेवायचंच असेल तर निदान नीट ठेवा. आधी घोटभर पाणी पिऊन तोंड साफ करा, साचलेली लाळ गिळून टाका. थेंब जिभेखाली सोडा आणि ६० ते ९० सेकंद बोलू नका, गिळू नका. एका वेळी अर्ध्या मिलीपेक्षा जास्त तेल ठेवू नका. जास्त झालं की लाळ सुटते आणि सगळं वीस सेकंदांत पोटात जातं. अल्कोहोल असलेला अर्क असेल तर जागा रोज बदला, नाहीतर तिथे चुरचुरतं आणि चट्टा पडतो. आणि हे सगळं करून झाल्यावर जेवा. कारण खरा फरक जेवणानेच पडणार आहे.

मात्रावेलांटी

खलबत्ता यांच्याशी पूर्ण सहमत. जेवणाचा मुद्दा थोडा ताणतो, कारण या सगळ्यात हातात असलेली मोठी किल्ली हीच आहे आणि ती फुकट आहे.

एपिडायोलेक्स हे अपस्माराचं सीबीडी औषध. २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने मंजूर केलं, तिळाच्या तेलात, १ मिलीत १०० मिग्रॅ. त्याच्या मोजण्यांत भरपूर स्निग्ध जेवणासोबत घेतल्यावर रक्तातलं शिखर उपाशीपोटीच्या पाचपट आणि एकूण पोचलेलं प्रमाण चौपट निघालं. हलक्या, कमी स्निग्ध जेवणानेही अडीचपटीहून जास्त. नुसत्या सायीच्या दुधानेसुद्धा दुपटीच्या वर.

असं का होतं? स्निग्ध पदार्थ पोटात आले की पित्त सुटतं आणि त्या तेलाचे बारीक कण होतात. सीबीडी त्या कणांत शिरून आतड्याच्या भिंतीपर्यंत पोचतं. शिवाय लांब साखळीच्या मेदाम्लांसोबत त्यातलं काही लसिकावाहिन्यांच्या वाटेने जातं, आणि ती वाट यकृताला वळसा घालून थेट रक्तात उघडते. मध्यम साखळीचं एमसीटी तेल मात्र बहुतेक यकृताकडेच जातं. म्हणून "आमचं एमसीटी तेल, म्हणून शोषण जास्त" हा दावा मला लंगडा वाटतो. एमसीटी पातळ असतं, चवीला सौम्य असतं, लवकर खवट होत नाही. ते वापरण्याची ही कारणं पुरेशी आहेत, बाकीची चिकटवायची गरज नव्हती.

याची दुसरी बाजू लोक विसरतात. आज उपाशीपोटी, उद्या भरपेट जेवणानंतर असं घेतलंत तर मात्रा न बदलताही रक्तात चौपट फरक पडेल. मग "काल लागू पडलं, आज नाही" किंवा "आज एवढी झोप का येतेय" हे कोडं उलगडत नाही. रोज एकाच जेवणासोबत, त्याच सुमाराला घ्या.

अर्धाचमचा

मापाबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. निम्मे घोटाळे इथेच होतात.

बाटलीवर दोन आकडे शोधा, एकूण मिग्रॅ आणि एकूण मिली. ३० मिलीत १५०० मिग्रॅ असेल तर १ मिलीत ५० मिग्रॅ. १० मिलीत ५०० मिग्रॅ असेल तरी तेच, ५०. मोठा आकडा बघून पहिली बाटली "जास्त कडक" समजू नका, दोन्हींचा कडकपणा सारखाच आहे.

टक्क्यांत लिहिलेलं असेल तर जरा सांभाळून. ५ टक्के वजनाने की आकारमानाने? तेल पाण्याहून हलकं असतं, १ मिली म्हणजे ०.९२ ते ०.९५ ग्रॅम. वजनाने ५ टक्के असेल तर १ मिलीत ४६-४७ मिग्रॅच येतात. फरक फार मोठा नाही, पण माहीत असावा.

आता थेंब. "२० थेंब म्हणजे १ मिली" हे पाण्याचं माप. तेलाचा थेंब ड्रॉपरच्या तोंडावर, तेलाच्या दाटपणावर आणि खोलीतल्या उष्म्यावर ठरतो. १ मिलीत २० थेंबही बसतात आणि ४०ही. म्हणजे ५० मिग्रॅच्या तेलाचा एक थेंब २.५ मिग्रॅचाही असू शकतो किंवा १.२५चाही, सरळ दुप्पट फरक. रबरी फुगा दाबून सोडला की काचेची नळी पूर्ण भरते हाही भ्रम आहे. बऱ्याचदा ती दोनतृतीयांशच भरते. नळीवर रेघा असतील तर रेघ बघा, "एक ड्रॉपर" हे माप धरू नका.

सगळ्यात बिनचूक म्हणजे सुई नसलेली १ मिलीची पिचकारी, ०.०१ मिलीच्या रेघा असलेली. बाटलीत थेट बुडवून हवं तेवढं ओढा. हवेचा बुडबुडा आला तर टोक वर करून टिचकी मारा, हवा सोडा आणि पुन्हा रेघेला आणा. ५० मिग्रॅच्या तेलातून १० मिग्रॅ हवे तर ०.२ मिली. थेंबच मोजायचे असतील तर ड्रॉपर एकदा तपासून घ्या. कोरड्या लहान वाटीत ४० थेंब टाका, पिचकारीने ओढा, किती मिली भरलं ते वाचा आणि ४०ने भागा. दहा थेंबांवर हा प्रयोग करू नका, वाटीला चिकटून राहणारं तेलच हिशेब बिघडवतं.

पिचकारी वापरून झाली की पुसून ठेवा. आत पाणी गेलं तर पुढच्या वेळी तेच बाटलीत जाईल.

चौकस_चिमणी

उपयोगी माहिती! गमी आणि कॅप्सूलचं काय? आणि "पाण्यात विरघळणारं नॅनो सीबीडी" म्हणून जे येतं ते?

खलबत्ता

कॅप्सूल म्हणजे मोजून ठेवलेलं तेलच. माप पक्कं, चव नाही, बरोबर नेता येते. उणीव एकच, अर्धी करता येत नाही, त्यामुळे मात्रा हळूहळू वाढवायच्या काळात अडचण होते. आधी तेलाने आपली मात्रा शोधा, मग तेवढ्याच मिग्रॅची कॅप्सूल घ्या, हा क्रम सोयीचा. कोरडी पूड भरलेली कॅप्सूल मात्र टाळा. तेल नाही आणि सोबत जेवणही नाही, म्हणजे सहा टक्क्यांवर पाणी सोडल्यासारखंच.

गमीचा मामला असा की तिच्यात साखर आणि जिलेटीन किंवा पेक्टिन, तेल जेमतेम. नुसती चघळली तर शोषण उपाशीपोटीसारखंच. जेवणानंतर घ्या. बाजारातल्या गमींत एका तुकड्यात किती मिग्रॅ यात फरक निघतो. घरी बनवलेल्यांत तर विचारूच नका, तेल वर तरंगतं आणि साच्याच्या एका कोपऱ्यातल्या तुकड्यांत जमा होतं. तासाभरात काही वाटलं नाही म्हणून दुसरी खाणं ही नेहमीची चूक. शिखर यायला अडीच ते पाच तास लागतात, तोवर दोन्ही एकदम चढतात. लहान मुलं आणि पाळीव प्राणी हिला गोळी समजून खातात, तेव्हा कुलपात ठेवा.

नॅनो म्हणजे प्रत्यक्षात सीबीडी विरघळलेलं नसतं, तेलाचे अतिसूक्ष्म कण पाण्यात टिकवून धरलेले असतात. पित्ताचं काम बाटलीतच करून दिलंय म्हणा ना. ते लवकर चढतं, आणि उपाशीपोटी साध्या तेलाहून जास्त शोषलं जातं, हे तत्त्व पटण्यासारखं आहे. पण "दसपट" असले आकडे त्या-त्या बनावटीपुरते असतात आणि तुलना बहुतेक उपाशीपोटीच्या तेलाशी केलेली असते. जेवणासोबतच्या तेलाशी केली तर ती बढाई बरीच आटोपते. आणि साध्या तेलावरून नॅनोवर जाताना तेवढेच मिग्रॅ डोळे झाकून घेऊ नका, कमीपासून सुरुवात करा. पेयात मिसळलेलं असेल तर बाटली हलवून घ्या. वर तेलकट कडं दिसलं तर कण फुटलेत, आता मात्रेचा भरवसा नाही.

थर्मामीटर

वाफेबद्दल. चटकन परिणाम हवा असणाऱ्यांना हा मार्ग मोहात पाडतो, म्हणून थोडं कडक लिहितो.

पिण्याचं तेल व्हेपमध्ये (वाफ ओढायच्या उपकरणात) कधीही भरू नका. तीळ, ऑलिव्ह, एमसीटी, कोणतंही नाही. तेलाचे थेंब फुप्फुसात बसले की लिपॉइड न्यूमोनिया होऊ शकतो, आणि फुप्फुसाला ते तेल बाहेर टाकता येत नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत व्हेपमुळे फुप्फुसं निकामी होण्याची साथच आली होती. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण रुग्णालयात गेले किंवा दगावले, त्यांत ६८ मृत्यू निश्चित झाले. बहुतेक प्रकरणं टीएचसी भरलेल्या व्हेपच्या काडतुसांची (आत बसवायच्या नळ्यांची) होती आणि मुख्य संशयित ठरलं ते दाटपणासाठी घातलेलं व्हिटॅमिन ई अॅसिटेट. तोंडाने घेतल्यास निरुपद्रवी पदार्थ फुप्फुसात काय करतो त्याचं हे उदाहरण.

कच्चं फूल वाफवणाऱ्यांसाठी एक तांत्रिक बाब. झाडात सीबीडी बहुतांशी सीबीडीए या आम्लरूपात असतं. ११०-१२० अंशांवर तापवलं की त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि सीबीडी उरतं. म्हणूनच कच्ची पानं नुसती तेलात भिजवून ठेवली तर हाती येतं ते मुख्यतः सीबीडीए. उपकरणाचं तापमान जितकं वर न्याल तितकी जळकट द्रव्यं वाढतात. आणि ओढलेल्या दमात नेमके किती मिग्रॅ आले हे घरी मोजायची सोय नाही. दमा किंवा फुप्फुसाचा त्रास असणाऱ्यांनी या वाटेला जाऊच नये.

चौकस_चिमणी

मलमांचं? सांध्यांवर लावायला बरीच दिसतात.

खलबत्ता

त्वचेचा सर्वांत वरचा थर मेदाळ असतो. सीबीडी त्यात आनंदाने शिरतं आणि तिथेच मुक्काम ठोकतं. खालचा थर पाणीदार, तिथे उतरायला नाखूश. त्यामुळे साध्या मलमातून रक्तात जवळजवळ काही जात नाही. झोपेसाठी किंवा घालमेलीसाठी मलम लावणं म्हणजे छत्री धरून आंघोळ. त्वचेपुरतंच काम असेल तर लावा, स्वच्छ कोरड्या जागेवर, जरा चोळून. आणि मेंथॉल किंवा कापूर घातलेला असेल तर जो थंडावा वाटतो तो त्यांचा, सीबीडीचा नव्हे. त्वचेवर चिकटवायची औषधी पट्टी ही वेगळी चीज. तिच्यात त्वचेचा अडसर सैल करणारी द्रव्यं असतात आणि तास न् तास सावकाश सोडायची रचना असते. मलमाचा अनुभव तिला लागू करू नका आणि तिचा मलमाला.

मात्रावेलांटी

किती घ्यावं हे कोणीतरी विचारणारच, म्हणून आधीच. मार्ग आणि मात्रा वेगळ्या करता येत नाहीत.

अपस्मारात डॉक्टरांच्या देखरेखीखाली वजनाच्या किलोमागे २.५ मिग्रॅ दिवसातून दोनदा अशी सुरुवात होते आणि आठवड्याने ५ मिग्रॅ दोनदा. ७० किलोच्या माणसाला म्हणजे दिवसाला ३५०, मग ७०० मिग्रॅ. दुसऱ्या टोकाला, ब्रिटनच्या अन्नविषयक यंत्रणेने ऑक्टोबर २०२३ मध्ये निरोगी प्रौढांसाठी दिवसाला १० मिग्रॅ ही मर्यादा सुचवली. आधी ती ७० होती. एका ठिकाणचा अनुभव दुसरीकडे चिकटवला की गोंधळ होतो. आणि जास्त म्हणजे चांगलं असंही नाही. भाषणाच्या धास्तीवर २०१९ मध्ये छापून आलेल्या ब्राझीलमधल्या प्रयोगात १५०, ३०० आणि ६०० मिग्रॅ दिले, तर ३००चाच उपयोग दिसला.

रोज दोनदा घेतल्यावर शरीरातलं सीबीडी निम्मं व्हायला ५६ ते ६१ तास लागतात. म्हणजे पातळी स्थिरावायला बारा-तेरा दिवस. दर दोन दिवसांनी मात्रा बदलणाऱ्याला कधीच कळत नाही की कशाने काय झालं. एक मात्रा, एक वेळ, एक जेवण, निदान दोन आठवडे. आणि वहीत मिग्रॅ लिहा, थेंब नव्हे.

आता औषधांचं, हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. क्लोबाझाम हे अपस्माराचं औषध चालू असेल तर शरीरात त्यापासून बनणाऱ्या सक्रिय द्रव्याचं प्रमाण सीबीडीमुळे तिपटीने वाढतं आणि माणूस पेंगुळतो. व्हॅल्प्रोएट या अपस्माराच्याच औषधासोबत रक्तात यकृताचे एन्झाइम वाढण्याचा (यकृताला त्रास होत असल्याची ही खूण) धोका जास्त. रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन घेणाऱ्यांचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचं माप) वर जाऊ शकतो, प्रत्यारोपणानंतरच्या टॅक्रोलिमसची पातळीही. ज्या गोळ्यांसोबत "ग्रेपफ्रूट खाऊ नका" अशी सूचना असते त्या घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं, चाळणी म्हणून ही खूण उपयोगी पडते. गरोदर आणि स्तनपान करणाऱ्या बायकांनी घेऊच नये. बाकी झोप येणं, जुलाब, भूक मंदावणं हे नेहमीचे त्रास.

चौकस_चिमणी

यकृताचा धोका फक्त अपस्माराच्या मोठ्या मात्रेतच ना?

मात्रावेलांटी

मोठ्या मात्रेत जास्त, पण फक्त रुग्णांतच नाही. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निरोगी प्रौढांना दिवसाला किलोमागे ५ मिग्रॅ असं २८ दिवस दिलं. घेणाऱ्यांपैकी ५.६ टक्के जणांचे यकृताचे एन्झाइम सामान्य मर्यादेच्या तिपटीवर गेले. त्रास काहीच जाणवत नव्हता, रक्त तपासलं म्हणून कळलं. शेकड्यांत मिग्रॅ रोज घेणाऱ्याने सुरू करण्यापूर्वी आणि महिन्याभराने यकृताची तपासणी करावी.

काचेची_बाटली

मार्ग कितीही बिनचूक निवडा, बाटलीतच माल नसेल तर काय! २०१७ मध्ये अमेरिकेत ऑनलाइन घेतलेली ८४ उत्पादनं तपासली, त्यांतल्या फक्त २६ वर लिहिलेलं सीबीडी प्रत्यक्षाशी जुळलं. व्हेपची द्रवं सगळ्यात वाईट, तेलं त्यातल्या त्यात बरी. १८ मध्ये टीएचसीही सापडलं.

प्रयोगशाळेचा दाखला मागताना आधी बॅच क्रमांक बाटलीवरच्या क्रमांकाशी जुळवा. दाखला खरा असतो, पण दुसऱ्याच बॅचचा, ही नेहमीची गंमत. मग सीबीडीचे मिग्रॅ प्रति मिली आणि टीएचसीचा आकडा बघा. "आढळले नाही" लिहिलं असेल तर मोजण्याची किमान मर्यादा किती होती तेही वाचा. जड धातू, कीटकनाशकं आणि उरलेलं द्रावक (अर्क काढायला वापरलेलं रसायन) यांची पानं हवीतच, भांगेचं झाड जमिनीतले धातू चांगले ओढून घेतं.

'फुल स्पेक्ट्रम'मध्ये, म्हणजे झाडातली बाकीची द्रव्यंही ठेवलेल्या अर्कात, थोडं टीएचसी असतं आणि रोज घेतलं तर नोकरीच्या लघवी तपासणीत ते पकडलं जाऊ शकतं. वाडाने (खेळातल्या उत्तेजकांवर नजर ठेवणाऱ्या जागतिक संस्थेने) २०१८ पासून सीबीडी खेळाडूंना मोकळं केलंय, बाकीची कॅनाबिनॉइड्स (भांगेतली याच जातीची द्रव्यं) अजून बंदीतच. अशांनी 'आयसोलेट' (नुसतं शुद्ध केलेलं सीबीडी) घ्यावं, तेही दाखला बघून. आणि भांगेच्या बियांचं तेल म्हणजे सीबीडी तेल नव्हे. बियांत सीबीडी नसल्यात जमा असतं. लेबलवर मिग्रॅचा आकडाच नसेल तर ते खायचं तेल समजा.

ठेवायचं अंधारात, थंड जागी, गडद काचेत, झाकण घट्ट. एपिडायोलेक्सची बाटली उघडल्यावर १२ आठवड्यांनी टाकून द्यायला सांगतात, बाकीच्यांनाही तोच हिशेब लावा. खवट वास आला तर तेल गेलं. थंडीत तळाशी पांढरे खडे दिसले तर घाबरू नका, सीबीडीचेच स्फटिक असतात. पण तसंच घेऊ नका, वरचं पाणचट निघेल आणि तळाशी गेल्यावर एकदम जड मात्रा. बाटली कोमट पाण्यात दहा मिनिटं उभी ठेवा, झाकण पाण्याच्या वर राहील अशी. खडे विरघळले की हळू उलटीपालटी करा आणि मग मोजा.

अर्धाचमचा

+१. आणि हो, नाकातून किंवा पोटातून घातलेल्या नळीवाटे द्यायचं असेल तर नळी कशाची आहे ते परिचारिकेला विचारा. पीव्हीसी आणि पॉलियुरेथेनच्या नळ्या चालत नाहीत, सिलिकॉनची लागते.